बलू की रंगा: उभ्या फ्लेक्ससाठी अक्षर निवडताना

मुलांच्या शिबिराचं किंवा बालनाट्याचं पोस्टर करायला घेतलं की माझ्यापुढे शेवटी दोनच फॉन्ट उरतात, बलू २ आणि रंगा. दोन्ही खेळकर आहेत, दोन्हींत हाताने लिहिल्याचं वळण जाणवतं. गेली काही वर्षं दोन्ही वापरून झाले, त्यावरून सांगतो.

बलू 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा. गुबगुबीत, कोपरे गोल, रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येतो. जाडीचे पाच प्रकार मिळतात, त्यामुळे शीर्षकापासून तारीख-वेळेपर्यंत सगळं एकाच कुटुंबात बसतं. इतर लिप्यांतली त्याची भावंडंही आहेत: गुजरातीत भाई, कन्नडमध्ये तम्मा, तमिळमध्ये तंबी, गुरुमुखीत पाजी, उर्दूत भाईजान. सगळी नावं भावाचीच! पत्रक दोन-तीन भाषांत काढायचं असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही, बलूच घ्या.

माझी अडचण जागेची झाली. 'उन्हाळी बालनाट्य शिबिर' हे शब्द मी बलूमध्ये आडव्या फ्लेक्ससाठी लावले होते. छान दिसत होते. मग आयोजकांना विजेच्या खांबावर लावायला दोन फूट रुंद उभी पट्टी हवी झाली. छापणाऱ्याने तीच ओळ दोन्ही बाजूंनी दाबून बसवली. असं दाबलं की काना आणि उभे दंड बारीक होतात, शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड राहते. 'ट्य' आणि 'न्ह' तर एकमेकांच्या अंगावर चढल्यासारखे दिसायला लागले. अक्षराचा सगळा गोडवा गेला. ती पट्टी महिनाभर माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर होती आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटायचं.

रंगाची अक्षरं मुळातच सडपातळ. अरुंद पाटीवर सवयीच्या रंगाऱ्याने जागा मोजून लिहावं, तशी ती बसतात. लांब शीर्षक न दाबता मावतं आणि तरी अक्षर हसरं राहतं. जाड्या दोनच, साधी आणि ठळक, ही उणीव खरी. बारीक मजकुराला मी तो वापरत नाही. पत्ता, शुल्क वगैरे 'मुक्ता' या साध्या फॉन्टमध्ये लावतो, जोडी बरी जमते.

अरुंद फॉन्टच हवा तर 'टेको' किंवा 'खंड' का नाही, असं कुणी विचारेल. दोन्ही 'इंडियन टाइप फाउंड्री'चे आणि उत्तमच आहेत. पण टेकोचे खांदे चौकोनी, कबड्डीच्या स्पर्धेला शोभणारे. सात वर्षांच्या मुलांना बोलावताना मला तो थोडा कडक वाटतो.

कुठलाही घेतलात तरी 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात का ते आधी बघा. पाकळीचा ल, देठाचा श. फाइल पाठवताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या आकारांत बदलून द्या, नाहीतर समोरच्या संगणकावर जोडाक्षरं फुटू शकतात.

रुंद भिंत आणि चार शब्द असतील तर बलूला तोड नाही, हे मी आजही मानतो. पण आपल्याकडे शीर्षकं लांब आणि जागा चिंचोळी, असंच बहुतेक वेळा असतं. म्हणून नवी फाइल उघडली की माझा हात आधी रंगाकडे जातो. यंदाच्या शिबिराची खांबावरची पट्टीही त्यातच केली आहे, एकही अक्षर न दाबता.