प्रोजेक्टाइलची गणितं: पाठ केलेली सूत्रं की आडवं-उभं मांडणं?

अकरावीत प्रोजेक्टाइल, म्हणजे हवेत फेकलेल्या वस्तूची गती, सुरू झालं की वर्गात दोन गट दिसतात. एक रेंज (वस्तू किती लांब पडते ते आडवं अंतर), कमाल उंची आणि हवेतला वेळ यांची तयार सूत्रं पाठ करतो. दुसरा दर वेळी वेगाचे आडवा आणि उभा असे कॉम्पोनंट काढून पहिल्यापासून मांडतो. मी बरेच महिने पहिल्या गटात होतो, मग दुसऱ्यात गेलो.

सूत्रांनी वेळ वाचतो, हे खरंच. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीला ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात. सपाट जमिनीवरून त्याच वेगाने ३० आणि ६० अंशांनी फेकलं तर जास्त लांब काय जाईल, असं विचारलं की रेंजच्या सूत्रातलं साइन दोन थीटा (थीटा म्हणजे फेकण्याचा कोन) आठवणाऱ्याला उत्तर वाचतावाचताच सापडतं: दोन्ही सारखंच. रेंज आणि कमाल उंची समान असेल तर टॅन थीटा ४, हेही तसंच.

माझं मन बदललं ते गच्चीच्या एका गणिताने. १५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने, आडव्या रेषेच्या वर ३० अंशांनी फेकला. इमारतीपासून किती लांब पडेल? जी (गुरुत्व त्वरण) १० धरा. मी रेंजच्या सूत्रात आकडे घातले, ३४.६ मीटर आले, पर्यायांत तेही होतं, खूण करून पुढे गेलो. बरोबर उत्तर होतं ५२. चेंडू सुटला त्याच पातळीवर येऊन पडतो, असं धरूनच ते सूत्र बनलेलं असतं. चूक माझी होती, पण खुपत राहिलं ते सूत्राचं गप्प राहणं. गणितातले १५ मीटर मी वापरलेच नव्हते आणि तरीही उत्तर अगदी स्वच्छ आलं होतं.

मांडून सोडवताना निदान माझं तरी असं कधी झालं नाही. आडवा वेग १७.३, उभा १०. उभ्या दिशेचं विस्थापन लिहिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, आणि तिथे पेन आपोआप थांबतं: उणे १५. मग टी-वर्ग वजा २ टी वजा ३ बरोबर शून्य, वेळ ३ सेकंद, गुणिले १७.३. झालं.

चिन्हांचा त्रास मात्र आहे. वरची दिशा धन धरली की शेवटपर्यंत तशीच ठेवावी लागते, आणि सुरुवातीला मी त्यात सारखा चुकायचो. सरावाने ते बसतं.

शिवाय उभं विस्थापन शून्य ठेवलं की वेळ मिळतो, त्याला आडव्या वेगाने गुणलं की रेंजचं सूत्र दोन ओळींत हातात येतं. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात फेकलेल्या वस्तूचा मार्ग पॅराबोला असल्याचं दाखवलं, तेही आडवी आणि उभी गती वेगळी धरूनच.

परीक्षा आठवड्यावर आली असेल तर पाठ असलेलं सोडू नका. फक्त सुरुवात आणि शेवट एकाच पातळीवर आहेत ना, एवढं आधी बघा. वर्ष हातात असेल, तर मी मांडण्यापासूनच सुरुवात करेन.