येझदीच्या इंजिन कव्हरवर क्लिअर लॅकर: एक पावसाळा काढल्यानंतर

इंजिन कव्हरवर मारलेलं क्लिअर लॅकर, म्हणजे धातू चकचकीत राहावा म्हणून मारायचा पारदर्शक स्प्रे, एका पावसाळ्यात सुटलं. स्प्रे कंपनीच्या हेल्पलाइनवाल्यांनी फोटो पाहिले आणि 'सरफेस नीट तयार केला नसेल' म्हणून हात वर केले. तेव्हाच ठरवलं, हे सविस्तर लिहायचं.

गाडी १९८८ ची रोडकिंग, मुक्काम रत्नागिरी. समुद्राचं खारं वारं घरात येतं. सरफेसचं म्हणाल तर दोन्ही कव्हरं उतरवून ३२० नंबरच्या खरखरीतपासून १५०० च्या बारीकपर्यंत वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिशपेपर) भिजवून मारला होता. प्रत्येक नंबरला दिशा बदलून, आधीच्या रेघा पूर्ण जाईपर्यंत. मग बफवाल्याकडे कापडी चाकावर लस्टर (चकाकी आणणारं पॉलिश) मारून घेतलं आणि लॅकरआधी थिनरने पुसून काढलं. याहून जास्त काय करायचं?

साडेतीनशे रुपयांचा तो स्प्रे उन्हाळाभर झकास टिकला. पुसलं की चकचकीत, म्हणून दोघातिघांना मी घ्यायलाही सांगितलं होतं. ती शिफारस आता मागे घेतो.

पहिला दणका पेट्रोलने दिला. कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होऊन ऑइल मिसळलेलं पेट्रोल खाली कव्हरवर ओघळलं आणि तिथला थर मऊ पडून चिकट झाला. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणाऱ्या टू-स्ट्रोक गाडीवर हे व्हायचंच. मग पेट्रोल न सोसणारा स्प्रे 'इंजिनसाठी' म्हणून विकायचा कशाला? पावसाळ्यात तर किकच्या शाफ्टभोवती आणि स्क्रूंच्या कडेने, वाळवीने भिंतीवर वाट काढावी तशा बारीक पांढऱ्या रेघा थराखालून सरकू लागल्या. नख लावलं तर साल निघाली आणि खाली करडे खड्डे.

कारण सरळ आहे. ॲल्युमिनियम हवेत स्वतःचा ऑक्साइडचा पातळ थर धरतं, पण मिठातलं क्लोराइड तो भेदतं. उघड्या धातूवरचं मीठ धुऊन निघतं. लॅकरच्या कडेतून आत शिरलेलं खारं पाणी मात्र तिथेच कोंडून राहतं. स्क्रू आवळताना कड चिरतेच, त्यामुळे वाट कायम उघडी. हार्डनर मिसळून घट्ट होणारं दोन भागांचं 'टू-के' क्लिअर लॅकर पेट्रोल सोसतं, पण कड चिरली की गत तीच. शिवाय त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, योग्य मास्कशिवाय घरी मारू नये.

डावं कव्हर थिनरने सोलून काढलं, खड्डे पेपरने उतरवले आणि ऑटोसोल या मेटल पॉलिशने हाताने घासलं. फडकं काळं येणं थांबत नाही, ते धातूचंच असतं. चकाकी आली की थांबायचं. वरून कारनौबा वॅक्सचा (एका पामच्या पानांपासून मिळणारं मेण) पातळ हात. हे मेण ८२ ते ८६ अंशांना वितळतं, म्हणून सिलिंडरच्या फिन्सवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांवर) लावण्यात अर्थ नाही; कव्हर तेवढं तापत नाही. पावसातून आलो की गोड्या पाण्याने धुतो, कोरडं पुसतो आणि मेण उतरलं वाटलं की पुन्हा लावतो. चमक स्प्रेपेक्षा थोडी कमी, पण डाग पडला तर तेवढाच भाग दुरुस्त होतो. मेणाची एक डबी वर्षभर सहज पुरेल.

धुण्यासाठी कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) असलेला क्लीनर अजिबात वापरू नका, त्याने ॲल्युमिनियम काळं पडतं आणि खाल्लं जातं. उजव्या कव्हरवर लॅकर अजून आहे, चेनच्या बाजूने तेही सुटायला लागलंय. या रविवारी सोलतोय. स्प्रेचा उरलेला अर्धा डबा कुणाला हवा असेल तर लोखंडी गेटला वापरा, गाडीला नको.