मुकुटवाला डॅक घेणाऱ्यांसाठी

जुन्या स्टिरिओला जोडायला डॅक (सीडीतल्या किंवा फाइलमधल्या आकड्यांचं अ‍ॅम्प्लिफायरला चालणाऱ्या विद्युत संकेतात रूपांतर करणारं यंत्र) शोधू लागलात की आज ना उद्या कुणीतरी तुम्हाला फिलिप्सच्या टीडीए१५४१ए चिपचं नाव सांगतंच. १९८०च्या दशकातली १६ बिटची चिप. उत्पादन बंद होऊन जमाना लोटला, पण शौकीन मंडळी तिच्या आवाजावर अजून जीव टाकतात. त्यातल्या निवडून वेगळ्या काढलेल्या ‘एस१’ दर्जाच्या चिपांवर छोटासा मुकुट छापलेला असायचा. मला ३८,००० रुपयांना डॅक विकला गेला तो या मुकुटाच्या जोरावर, आणि मुकुट बनावट निघाला.

विक्रेता मुंबईतला, स्वतः डॅक जुळवून विकणारा. माणूस गोड बोलणारा, चहा पाजणारा. आधी त्याने एक साधा, हल्लीचा डॅक लावला, मग मुकुटवाला. भीमसेनजींचं तेच ध्वनिमुद्रण, अ‍ॅम्प्लिफायरचं बटण जिथल्या तिथे. दुसऱ्या वेळी तानपुरा खोलीभर पसरला. “फरक कळतोय ना साहेब?” कळत होताच, बहिऱ्यालाही कळला असता!

त्यातली गोम नंतर मल्टिमीटरने उघडी पाडली. सीडी प्लेअर किंवा डॅकचा पूर्ण पातळीचा आउटपुट सर्वसाधारणपणे २ व्होल्ट असतो. दुकानात ऐकवला तसाच साधा डॅक एका मित्राकडे आहे, त्याचा तेवढाच भरला. मुकुटवाल्याचा भरला २.८ व्होल्ट, म्हणजे जवळपास ३ डेसिबल जास्त. एवढ्या फरकाला कान ‘मोठा आवाज’ म्हणत नाही. ‘खुला आवाज’, ‘भरदार आवाज’ म्हणतो. ही तपासणी कुणालाही जमेल. ५० हर्ट्झचा सूर पूर्ण पातळीवर वाजवायचा आणि आउटपुटवर एसी व्होल्ट मोजायचे. सूर ५० हर्ट्झचाच घ्या, कारण स्वस्त मीटर विजेच्या त्याच कंपनसंख्येसाठी बनवलेले असतात, वरच्या सुरांना ते भरवशाचे नाहीत. दोन डॅकची तुलना करायची तर आधी दोघांची पातळी सारखी करून मागा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर चहा संपवून निघा.

चिपचं बिंग फोडलं ते ओळखीतल्या एका काकांनी. हयात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात गेली, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या, लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्या त्यांना पाठ. झाकण उघडून त्यांनी चिपवर बॅटरीचा प्रकाश तिरपा पाडला आणि नुसतं “हं” म्हणाले. वरचा पृष्ठभाग गुळगुळीत, खालचा खरखरीत. पहिली पिन दाखवणारी खाच रंगाने अर्धी भरलेली. मग नेलपॉलिश काढायच्या अ‍ॅसिटोनमध्ये कापूस बुडवून फिरवला. मुकुट गेला, कापूस काळा झाला, आणि खाली पॉलिश पेपरने घासल्याचे ओरखडे दिसले. यात एक लक्षात ठेवा: नुसती अक्षरं पुसली गेली म्हणून चिप खोटी ठरत नाही, खऱ्या चिपची शाईही निघू शकते. काळा रंग उतरला तर मात्र वरून थर चढवलाय हे नक्की. आणि विकत घेण्याआधी कुणी अ‍ॅसिटोन लावू देणार नाही, तेव्हा तिरप्या प्रकाशातले वरचे आणि खालचे फोटो तरी मागा.

आत कुठलीतरी साधी १५४१ असणार, कारण वाजते अगदी व्यवस्थित. इथेच या धंद्याची हुशारी आहे. निवडक चिप आणि साधी चिप यांत फरक असतो तो सर्वात खालच्या बिटांच्या अचूकतेचा, म्हणजे अगदी क्षीण आवाजातला. दुकानात बसून तो कुणाच्या कानाला लागणार? आणि ज्या ‘उबदार’ आवाजाचं एवढं कौतुक करतात, त्याचा मोठा भाग ओव्हरसॅम्पलिंग (मूळ नमुन्यांच्या मधे जादा नमुने भरणं) व फिल्टर नसलेल्या सर्किटमधून येतो. तशा सर्किटमध्ये सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झ या नमुना-दराला (सेकंदाला ४४,१०० नमुने) २० किलोहर्ट्झच्या आसपासचे सूर आपोआप ३ डेसिबलने पडतात. चिपवर मुकुट असो वा नसो.

विक्रेत्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर: “साहेब, तुम्ही केमिकल लावलंत, आता वॉरंटी गेली.” पावती पाहिली तर तिच्यावर ‘डॅक, १ नग’ एवढंच. ना चिपचं नाव, ना दर्जा. मुकुटाचा शब्द सगळा तोंडी. सुदैवाने सौदा ठरण्याआधीच्या चॅटमध्ये त्याने स्वतः ‘एस१ ओरिजिनल’ लिहिलेलं सापडलं, तेवढाच माझ्या हातात पुरावा. तुम्ही घ्याल तेव्हा पावतीवर चिपचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. विक्रेत्याने परवा अर्धे पैसे द्यायची तयारी दाखवली, अट एकच: फोटो कुणाला दाखवायचे नाहीत. मी नाही म्हटलं.