मांजरच कापून टाकलं राव! (कॅनव्हास प्रिंट, 2 स्टार)

इंग्लिश चित्रकार होगार्थच्या 'द ग्रॅहॅम चिल्ड्रन'ची (1742, ग्रॅहॅम घरातल्या मुलांचं चित्र) कॅनव्हास प्रिंट ऑनलाइन मागवली, साइज उभी निवडली तरी प्रिव्ह्यूमध्ये चित्र अख्खं दिसत होतं, आणि हातात आली तेव्हा दोन्ही बाजू सरळ छाटलेल्या. कस्टमर केअरचं म्हणणं, "मुलं मध्ये नीट आलीयेत ना?" अहो आलीयेत, पण या चित्राची सगळी गंमत कडेलाच आहे!

उजवीकडे वर पिंजऱ्यात गोल्डफिंच पक्षी आहे. खाली मुलगा रिचर्ड बर्ड ऑर्गनचं (पक्ष्यांना सूर ऐकवायची छोटी वाजती पेटी) हँडल फिरवतोय, त्या ऑर्गनवर प्राण्यांना संगीताने मोहवणारा ऑर्फियस रंगवलाय, आणि पोरगा खूश की आपल्या वाजवण्यावर पक्षी गातोय. पक्षी गातबित नाहीये, घाबरलाय, कारण खुर्चीच्या पाठीमागून मांजर डोळे वटारून, नखं रोवून त्याच्यावर टपलंय. माझ्या प्रिंटमध्ये मांजर गायब, त्यामुळे रिचर्ड नुसताच कशाला हसतोय कळत नाही.

डावीकडे तर अजून वाईट. चाकांच्या गाडीत बसलेला धाकटा थॉमस अर्धाच उरलाय (फ्रॉक घातलाय म्हणून मुलगी समजू नका, तेव्हा लहान मुलग्यांनाही फ्रॉकच घालायचे). चित्र पूर्ण व्हायच्या आधीच हे बाळ गेलं. मागच्या घड्याळावर कोयता घेतलेला छोटा क्युपिड (प्रेमाचा बालदेव) आहे तो काळाची आठवण म्हणून, तोही कापला. मोठी हेन्रिएटा थॉमससमोर चेरी धरून उभी असते, इथे अर्ध्या बाळाला चेरी दाखवतेय असं दिसतं!

ग्रॅहॅम काही उमराव नव्हते, बाप राजाचा औषधवाला, पण थाट सगळा बड्या घरचा. आणि रेनॉल्ड्स या दुसऱ्या इंग्लिश चित्रकाराची कुत्र्याला मिठी मारलेली गोड पोरं बघून बघून कंटाळा आला असेल तर हे चित्र घ्याच, मुलं गोड आहेत पण मागे काहीतरी टपलेलं आहे.

छपाई बाकी चांगली, हेन्रिएटाचा निळा ड्रेस मस्त उतरलाय, कॅनव्हासही जाड आहे, दोन स्टार त्याचेच.

मागवणार असाल तर मूळ चित्र 160.5 बाय 181 सेमी आहे, म्हणजे आडवं, त्याच प्रमाणातली साइज घ्या आणि 'क्रॉप नको' असं लेखी कळवा. लंडनला जाणं होणार असेल तर ट्रॅफल्गर स्क्वेअरच्या नॅशनल गॅलरीत ओरिजिनल आहे, एंट्री फ्री, मांजरासकट.