बर्फाचा थर्मामीटर आणि उतारमापक: सहा महिने वापरल्यावर

स्की टूरिंगला, म्हणजे स्की लावून बर्फाळ डोंगर चढा-उतरायला निघताना बीकन (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (त्यासाठी बर्फात खुपसायची लांब काडी) आणि फावडं सोबत हवंच, त्यात वाद नाही. मी लिहितोय ते त्यांच्यासोबत घेतलेल्या दोन किरकोळ वस्तूंबद्दल: लांब स्टीलच्या काडीचा डिजिटल थर्मामीटर आणि होकायंत्रातच बसवलेला उतारमापक. ऐन थंडीपासून बर्फ विरेपर्यंत दोन्ही वापरले. उतारमापक डोळे झाकून घ्या. थर्मामीटरही घ्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

थर्मामीटर आल्या आल्या बर्फाचा चुरा आणि पाणी कालवून त्यात बुडवून बघा, शून्यच दिसलं पाहिजे. माझा अर्धा अंश वर दाखवत होता. शून्यावर आणायचं बटण आहे म्हणून निभावलं. वसंतात सगळा प्रश्न शून्याच्या आसपासच असतो, तिथे अर्धा अंशही महागात पडतो. बर्फाचे थर बघायला खणलेल्या खड्ड्याची सावलीकडची भिंत फावड्याने ताजी तासायची, काडी आडवी खुपसायची आणि दर १० सेंटीमीटरला आकडा बघायचा. आकडा स्थिरावायला मिनिटभर लागतो, तेवढा वेळ हात गारठतात. बटणं इतकी बारीक की जाड हातमोज्याने दाबता येत नाहीत. हे डिझाइन करणाऱ्याने बहुतेक ते घरात बसून केलं असावं.

खरा उपयोग झाला तो पृष्ठभागाचं तापमान घ्यायला. एका पहाटे हवा २ अंश, पण सावलीत मोजलेला वरचा बर्फ उणे ४. रात्र निरभ्र होती, बर्फाने उष्णता आकाशात टाकली आणि वरची पापडी टणक झाली. नंतर एका ढगाळ रात्रीनंतर हवा त्याहून गार होती, तरी पापडी जेमतेम दोन बोटं आणि खाली लगदा. पाय घोट्याच्या वर रुतायला लागला, तिथूनच माघारी फिरलो.

मात्र वरपासून खालपर्यंत शून्य आलं की या यंत्राचं काम संपलं. बर्फ नुसता ओलसर आहे की पाण्याने भिजलाय, हे त्याला कळत नाही. मूठभर बर्फ दाबून बघा. नुसता गोळा झाला तर ओलसर, पाणी गळलं तर तो उतार सोडा. थर सुटतो का ते बघायला खड्ड्यात थापा मारून करायच्या चाचण्याही ओल्या बर्फात फारशा विश्वासाच्या नाहीत. थंडीत गाडला गेलेला कमकुवत थर अजून खाली असेल, तर त्याच्यापर्यंत पहिल्यांदा पाणी पोहोचतं ते दिवस सगळ्यात वाईट.

उतारमापकाबद्दल तक्रार नाही. स्कीची काठी उतारावर वरून खाली अशी टाकायची आणि त्यावर मापक ठेवायचा, म्हणजे खाचखळग्यांचा फरक पडत नाही. थरच्या थर सुटून येणारी बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. तुम्ही २५ वर उभे असाल, पण डोक्यावर ३८ चा उतार असेल तर तोही मोजायचा. होकायंत्र त्यातच असल्याने दिशाही लगेच कळते: उत्तर गोलार्धात पूर्वेचे उतार आधी तापतात, मग दक्षिणेचे, शेवटी पश्चिमेचे. माझी उतरायची वेळ त्यावरूनच ठरते. मोबाईलच्या ॲपवरही कोन मिळतो, पण मोबाईल बीकनपासून किमान २० सेंटीमीटर लांब ठेवावा लागतो आणि शोध सुरू असताना ५०. म्हणून तो बॅगेतच बरा.

थर्मामीटर घ्याल तर काडीला भडक रंगाची दोरी बांधा. पांढऱ्यावर पडलेली चंदेरी काडी शोधण्यात माझा बराच वेळ गेलाय.