नाकारलेल्या व्हिसाचे ‘अपील’ आणि माझी झालेली फसवणूक

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये माझ्या आईबाबांना अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा नाकारला गेला आणि त्यानंतरच्या तीन-चार महिन्यांत, व्हिसाचे अपील करून देतो असे सांगणाऱ्या एका सल्लागाराने माझ्याकडून १,८०० डॉलर उकळले. पैसे गेले याचे दुःख आहेच. पण त्याने बाबांच्या नावाने जो अर्ज भरून ठेवला होता तो तसाच पुढे गेला असता तर काय झाले असते, या विचाराने मला अजूनही धडकी भरते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मुलाखत जेमतेम तीन मिनिटे चालली. बाबा निवृत्त शिक्षक आहेत, दोघांनीही यापूर्वी परदेशप्रवास केलेला नव्हता आणि माझ्या बाळंतपणासाठी दोघे मिळून सहा महिने येणार होते. मुलगी काय करते, किती दिवस राहणार, याआधी कुठल्या देशात गेला होतात, एवढेच अधिकाऱ्याने विचारले. घराची कागदपत्रे, पेन्शनची पत्रे, मी पाठवलेले निमंत्रणपत्र यांपैकी एकही कागद न पाहता त्याने एक छापील पत्र हातात ठेवले. त्यावर कलम २१४(बी) चा उल्लेख होता. १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टमधील या कलमानुसार पाहुणा म्हणून येऊ इच्छिणारा प्रत्येक अर्जदार हा कायमचा राहायलाच येत आहे असे आधी गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे अधिकाऱ्याला पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. आई फोनवर एवढेच म्हणाली की, आम्ही काय चुकीचे बोललो तेच कळले नाही.

या निर्णयावर अपील नसते. त्याच वेळी, नाकारला म्हणून कायमची बंदीही लागत नाही. नवा अर्ज केव्हाही करता येतो. मात्र त्यासाठी पुन्हा शुल्क भरावे लागते, जे जून २०२३ पासून माणशी १८५ डॉलर होते आणि जे कोणत्याही परिस्थितीत परत मिळत नाही, आणि मुलाखतीसाठी पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. तेव्हा आम्हाला दिसत असलेली नवी तारीख वर्षाहून अधिक लांब होती आणि माझी प्रसूती फेब्रुवारीत होती. ही मधली पोकळीच त्या माणसाचे भांडवल होते.

त्याचा नंबर मला एका परिचित कुटुंबाकडून मिळाला होता. तो मराठीतच बोलायचा, मला ‘ताई’ म्हणायचा, आईच्या तब्येतीची चौकशी करायचा. वकिलातीत आपली ओळख आहे असे त्याने थेट कधीच म्हटले नाही. ‘आपली फाइल वरच्या टेबलावर जाईल’ असे तो म्हणायचा, आणि त्याचा अर्थ मी माझ्या मनाने लावला. पहिला हप्ता १,००० डॉलरचा होता. तो त्याने झेल या बँक खात्यातून थेट पैसे पाठवण्याच्या सेवेमार्फत एका वेगळ्याच व्यक्तीच्या खात्यावर मागितला आणि पावती नंतर देतो असे सांगितले. मी नोकरीत रोज हिशेब तपासते. तरीही त्या दिवशी मी एकही प्रश्न विचारला नाही.

त्याने मला पटवले ते एका खऱ्या गोष्टीचा गैरवापर करून. कलम २२१(जी) खाली एखादे कागदपत्र अपुरे असेल किंवा अधिक छाननी हवी असेल तर प्रकरण थांबवून ठेवतात. सरकारी संकेतस्थळावर तेव्हाही व्हिसा नाकारल्याचाच शेरा दिसतो आणि पूर्तता झाल्यावर तो बदलून व्हिसा मिळू शकतो. अशा दोन-तीन प्रकरणांची छायाचित्रे त्याने मला पाठवली आणि पूर्वी नाकारलेले व्हिसा आपण कसे मिळवून दिले ते सांगितले. आईबाबांच्या हातातील पत्रावर मात्र २१४(बी) होते, आणि तो निर्णय मुलाखतीच्या खिडकीतच संपलेला असतो. या दोन कलमांतला फरक मला त्या वेळी माहीत असता, तर पुढचे सारे टळले असते.

त्यानंतर त्याने माझ्याकडून आय-१३४ हा आर्थिक हमीचा फॉर्म, बँकेचे तपशील आणि पगाराची पत्रे घेतली. मुलीची हमी भक्कम असली की अपील मंजूर होते, असे त्याचे म्हणणे होते. व्हिजिटर व्हिसासाठी निमंत्रणपत्र किंवा असे हमीपत्र आवश्यकच नाही आणि अर्जदाराची पात्रता त्याच्या स्वतःच्या देशातील घरादारावरून ठरते, इथल्या नातेवाइकांच्या आश्वासनांवरून नाही, असे अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या संकेतस्थळावर स्पष्ट सांगते. मला ते वाचायला दहा मिनिटे पुरली असती.

डिसेंबरमध्ये ‘अपील दाखल झाले’ अशी एक ईमेल आली, तिच्यावर क्रमांक होता, गरुडाचे चिन्हही होते. पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या शेवटी मात्र ‘डॉट ऑर्ग’ होते. अमेरिकी सरकारचा पत्ता ‘डॉट गव्ह’ने संपतो, हे मी इतकी वर्षे इथे राहून जाणत होते आणि तरीही ती ईमेल मी आनंदाने आईला वाचून दाखवली. जानेवारीत त्याने ‘अपील मंजूर’ झाल्याचे कळवले, आता केवळ औपचारिकता म्हणून नवा डीएस-१६०, म्हणजे व्हिसासाठीचा ऑनलाइन अर्ज, भरावा लागेल असे सांगितले आणि उरलेले ८०० डॉलर घेतले. मुलाखतीची तारीख मिळाली ती मात्र २०२५ मधली.

पुढचे बाबांमुळे उघडकीस आले. सही करण्यापूर्वी कागद वाचायचा, ही त्यांची आयुष्यभराची सवय. मुलाखतीला जाताना फक्त बारकोड असलेले पुष्टीपत्र न्यावे लागते. पूर्ण अर्जाची छापील प्रत कोणी मागत नाही, आणि त्या सल्लागाराने आम्हाला पाठवले होते तेही तेवढेच एक पान. बाबांनी संपूर्ण अर्ज मागितला तेव्हा तो टाळाटाळ करू लागला. भरलेला अर्ज पुन्हा उघडायला अर्ज क्रमांक, आडनावाची पहिली पाच अक्षरे, जन्मवर्ष आणि सुरक्षा प्रश्नाचे उत्तर लागते, आणि ते उत्तर त्याने स्वतःकडेच ठेवले होते. बाबांनी सलग आठ दिवस फोन केले तेव्हा कुठे त्याने ते दिले. अर्ज छापून पाहिला तर ‘यापूर्वी कधी अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला आहे का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ होते. हा अर्ज भरायला कोणी मदत केली का, याचेही उत्तर ‘नाही’. बाबांच्या नावावर एक भागीदारीतला व्यवसायही दाखवला होता, जो त्यांनी कधी केलेला नाही.

पहिला नकार सरकारी नोंदीत होताच, त्यामुळे हे खोटे पहिल्याच मिनिटाला पकडले गेले असते. जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्यावर त्याच कायद्याच्या कलम २१२(ए)(६)(सी) खाली आयुष्यभराची अपात्रता लागू शकते, आणि मग प्रत्येक वेळी विशेष सवलत मागावी लागते. साधा नकार आणि ही अपात्रता यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय अर्ज कोणीही भरलेला असो, त्यातील प्रत्येक शब्दाची जबाबदारी अर्जदाराचीच असते. त्याने भरलेल्या अर्जात सल्लागाराचे नाव कुठेच नव्हते.

आम्ही दोघांचेही अर्ज नव्याने भरले, दोन्ही प्रश्नांची खरी उत्तरे दिली आणि मुलाखतीच्या नोंदीतले अर्ज क्रमांक वेळेत बदलून घेतले. मी ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्य सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे, तक्रार नोंदवली. पैसे मी स्वतःच्या हाताने पाठवले होते, त्यामुळे बँकेने ते परत मिळवून देण्यास नकार दिला. एका परवानाधारक वकिलाकडे चौकशी केली, तेव्हा त्यांनी अर्ध्या तासात सारे समजावले: अमेरिकेत इमिग्रेशनबाबत कायदेशीर सल्ला देण्याचा अधिकार फक्त वकिलांना आणि न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधींना असतो, आणि वकीलही २१४(बी) विरुद्ध अपील करू शकत नाही, कारण ते अस्तित्वातच नाही. माझ्यावर दडपण होते हे खरे, परंतु हा अर्धा तास मी ऑक्टोबरमध्ये काढायला हवा होता.

दुसऱ्या मुलाखतीतही व्हिसा मिळाला नाही; पत्र तेच, कलम तेच. आमची मुलगी तोपर्यंत चालायला लागली होती. आता आम्हीच तिला घेऊन आजी-आजोबांकडे जाणार आहोत, तिकिटे काढून झाली आहेत. बाबांनी दोन्ही वेळच्या अर्जांच्या संपूर्ण छापील प्रती, सुरक्षा प्रश्नांच्या उत्तरांसह, एका फाइलमध्ये लावून ठेवल्या आहेत आणि पुढच्या वेळचा अर्ज ते स्वतःच भरणार आहेत.