दाना ते फेनान ट्रेक: परतीच्या गाडीच्या नावाखाली आमचे ७०,४०० रुपये गेले

लिहू की नको असं महिनाभर चाललं होतं, लाजच वाटत होती. पण परवा आम्हाला फसवणारा तोच माणूस नव्या नंबरवरून त्याच ट्रेकची जाहिरात टाकताना दिसला आणि डोकं फिरलं.

जॉर्डनमधला ट्रेक. वर दाना हे दगडी घरांचं जुनं गाव, साधारण १२०० मीटरवर, तिथून कोरड्या दरीतून १४ किलोमीटर उतरत फेनानला, जिथे हजारो वर्षं जुन्या तांब्याच्या खाणी आहेत, रोमन काळात कैद्यांना तिथे राबवायला पाठवायचे. सगळा उतार, जायचं एकाच बाजूला. म्हणजे खाली गाडी पाहिजेच, रस्त्याने वळसा घालून दानाला यायला अडीच-तीन तास लागतात. आम्ही पुण्याचे ११ जण, तिघं साठीच्या पुढचे. गाइड आणि परतीची बस माणशी ६,४००. आधी ३५,२०० दिले, निघायच्या चार दिवस आधी "बस ब्लॉक करायचीय" म्हणून उरलेले ३५,२००, तेही भलत्याच बाईच्या यूपीआयवर.

आणि तेव्हाच कळायला हवं होतं. त्याचा मेसेज होता, "२० सीटर एसी बस लॉजच्या दारात उभी असेल." अहो, फेनानच्या त्या लॉजच्या दारात बस जातच नाही! शेवटचे ८ किलोमीटर कच्चा रस्ता आहे, फोर बाय फोरच लागते, आणि हे मी स्वतः वाचलं होतं. वाचलं होतं तरी पैसे पाठवले, कारण ११ जणांचे पासपोर्ट, जॉर्डन पास (व्हिसा आणि तिकिटांचा एकत्र पास), इन्शुरन्स सगळं मी एकटी बघत होते, बाकीचे नुसते "तू बघ गं" म्हणत होते, आणि त्याने आधीच्या ग्रुपचे व्हिडिओसुद्धा पाठवले होते. कोणीही फसलं असतं.

सकाळी गाइड नाही, "पुढे वाटेत भेटेल." साडेचारला खाली पोचलो तर बस नाही, फोन बंद. तिथल्या बदू (वाळवंटातल्या भटक्या जमातीच्या) लोकांनी तीन पिकअपमधून रस्त्यापर्यंत सोडलं, ३० दिनार, पुढे दोन व्हॅनचे १२० दिनार. त्यांनी नडलेल्यांना लुबाडलं नाही, हे सांगायलाच हवं. काकांचा गुडघा हा एवढा सुजलेला, दानाला पोचायला रात्रीचे साडेनऊ.

तिथल्या चौकीत म्हणाले पैसे भारतात दिलेत, तिकडे तक्रार करा. इथे पोलीस स्टेशनला म्हणाले घटना परदेशातली, आमची हद्द नाही. अरे, पैसे पुण्यातून गेले, खातं भारतातलं, मग परदेशातलं काय? झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावा लागतो, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ आहे, ते मी दाखवलं तर "मॅडम, आम्हाला शिकवू नका." चार चकरा, दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगा. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत, ओटीपी कोणी चोरला नाही. जणू गुन्हेगार मीच!

पैसे गेले की त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी परत येईपर्यंत थांबले, खातं रिकामं झालं होतं. गाडी दानातल्याच हॉटेलकडून ठरवा, पैसे खाली पोचल्यावर द्या. ड्रायव्हरचा नंबर आदल्या दिवशी स्वतः लावून बघा. नाव वेगळं दिसलं की ट्रान्सफर थांबवा.

आता तो डिसेंबरचा ग्रुप जमवतोय, माणशी ६,९०० मागतोय, व्हिडिओ तेच. त्यातल्या एका व्हिडिओत निळ्या टोपीतल्या बाई "फेनान आलं!" म्हणतात. तो व्हिडिओ तुम्हाला आला असेल तर उरलेले पैसे अजिबात पाठवू नका.